कागदावर तिघे, गेटवर दोघे

१७ मे २०२३ च्या रात्री मी जळगावातल्या एका सरकारी कार्यालयाच्या गेटवर ड्युटीला होतो. आमच्याकडे मे महिन्यात रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नाही, इतकी ती तापलेली असते. सव्वाअकराच्या सुमारास तळमजल्यावरून जळक्या वायरचा वास आला. आत जाऊन बघतो तर अभिलेख कक्षाबाहेरच्या मीटरपेटीतून ठिणग्या उडत होत्या आणि खाली रचलेल्या गठ्ठ्यांच्या एका कोपऱ्याने पेट घेतला होता.

दोन पावलांवर लाल सिलिंडर टांगलेले होते. वीस महिने मी रोज त्याच्याखालीच खुर्ची टाकून बसत होतो. ते काढले, दांडी दाबली, काही झाले नाही. पुन्हा दाबली. दोन्ही हातांनी दाबली. साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर आवारातच झोपायचा, तो धावत आला, सिलिंडर माझ्या हातातून घेतले, दांडीच्या भोकात अडकवलेली तारेची पिन उपसली आणि पांढऱ्या पावडरीचा फवारा आगीच्या बुडाशी मारला. अर्ध्या मिनिटात विझले. माझे हात मात्र सकाळपर्यंत थरथरत होते.

दोन दिवसांनी सुपरवायझरने एक पत्र हातात दिले. खुलासा मागितला होता. त्यातली ओळ अजून पाठ आहे: 'आपण प्रशिक्षित सुरक्षा रक्षक असूनही अग्निशमन साधन हाताळता आले नाही.' प्रशिक्षित हा शब्द वाचून मी थांबलो. सप्टेंबर २०२१ मध्ये एका खासगी सुरक्षा एजन्सीने मला कामावर घेतले तेव्हा गणवेशाचे १,५०० रुपये पगारातून कापले, शिट्टी आणि काठी दिली आणि 'उद्यापासून रात्री आठ ते सकाळी आठ' एवढेच सांगितले. त्यापलीकडे कोणी काही शिकवले नव्हते.

पुढे सव्वा वर्ष जे केले ते इथे क्रमाने लिहितो आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव, कुठेही सरकारी गेटवर बारा-बारा तास उभा राहणारा कोणी हे वाचत असेल, तर माझे वाया गेलेले महिने त्याचे वाचावेत.

मी मूळचा अमळनेर तालुक्यातला. बी. ए. झालो आहे. घरची अडीच एकर कोरडवाहू, कापूस आणि ज्वारी. अमळनेरहून जळगावला रेल्वेच्या पासवर ये-जा करायचो. बारा तासांची ड्युटी, हातात ८,५०० रुपये, सुट्टी नाही. सुट्टी घेतली की दिवस कापला जाई. गेटवर आम्ही दोघेच. दिवसा आबा, रात्री मी. आबा पंचावन्नच्या पुढचे, गुडघे दुखतात म्हणून खांबाला टेकून उभे राहायचे.

खुलाशाचे पत्र घेऊन मी गल्लीतल्या नानांकडे गेलो. ते महसूल खात्यातून निवृत्त झालेले. मी तावातावाने बोलत होतो, एजन्सीच्या ऑफिसात जाऊन विचारतोच म्हणत होतो. नानांनी पत्र दोनदा वाचले आणि म्हणाले, "बापू, भांडू नको. पहिले कागद मांग."

म्हणजे माहितीचा अधिकार. साध्या कागदावर अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. कारण सांगावे लागत नाही, तसे कायद्यातच आहे. पण ज्या कार्यालयाच्या गेटवर मी रोज उभा, त्याच कार्यालयाच्या आवक खिडकीत स्वतःच्या नावाने अर्ज द्यायचा, हे काही मला जमेना. दोनदा खिडकीपर्यंत जाऊन परत आलो. शेवटी १२ जूनला पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवला. (१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे. पण पोस्टाने पाठवणाऱ्याने पावती आणि पोच जपून ठेवावी, हे तेव्हाइतकेच खरे.)

पहिला अर्ज फुकट गेला आणि चूक माझीच होती. करार, बिले, हजेरी, पीएफ, प्रशिक्षण, पोलीस पडताळणी असे सगळे एकाच अर्जात कोंबले होते. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत. ३ जुलैला तसे उत्तर आले. ६ जुलैला दोन वेगळे अर्ज केले. एकात एजन्सीचा करार, जानेवारी ते जून २०२३ ची देयके आणि त्यांना जोडलेले सर्व कागद मागितले. दुसऱ्यात रक्षकांची प्रशिक्षण प्रमाणपत्रे. 'देयकांना जोडलेले सर्व कागद' हे शब्द नानांचे. खरी माहिती त्याच शब्दांमुळे हाती आली, तेव्हा तुम्हीही असेच लिहा.

महिन्याच्या शेवटी उत्तर आले की ही त्रयस्थ पक्षाची, म्हणजे एजन्सीची, माहिती असल्याने देता येत नाही. मी खचलो होतो. नाना मात्र म्हणाले, हे पहिले दार आहे, बहुतेक लोक इथूनच परत फिरतात. १४ ऑगस्टला पहिले अपील केले, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. ११ सप्टेंबरला सुनावणी झाली. अपिलीय अधिकाऱ्यांसमोर मी एवढेच बोललो की पैसा सरकारी आहे, करार सरकारी आहे, आणि त्या कागदांवर माझेच नाव आहे. त्यांनी पंधरा दिवसांत माहिती द्यायला सांगितले. ३ ऑक्टोबरला ६४ पाने मिळाली. पानाला २ रुपये, एकूण १२८.

त्या रात्री घरी जेवण झाल्यावर पोरे झोपली आणि मी पाने पसरून बसलो. बायको शेजारी बसून पानांवर नंबर टाकत होती.

प्रत्येक महिन्याच्या देयकात तीन रक्षक होते, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. आबा, मी, आणि एक तिसरे नाव. त्या नावाचा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. हजेरीपटावर त्याच्या सह्या मात्र महिनाभराच्या, एकाच पेनाने एका दमात केल्यासारख्या. प्रत्येक रक्षकामागे मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १२,४०० रुपये, त्यावर मालकाचा पीएफ १३ टक्क्यांनी १,६१२, ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा ३.२५ टक्क्यांनी ४०३. आणि एजन्सीचे सेवाशुल्क किती? रक्षकामागे १०१ रुपये. हा आकडा मी बराच वेळ बघत राहिलो. १०१ रुपयांत गणवेश, सुपरवायझर, ऑफिसचे भाडे, पळापळ, काहीच भागत नाही. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळते. ते मिळवायचे तर सेवाशुल्क कमी लिहायचे आणि नफा गेटवर नसलेल्या तिसऱ्या माणसातून काढायचा. तिघांचे मिळून महिन्याला ४३,५४८ रुपये आणि वर जीएसटी, असे देयक निघत होते. आम्हा दोघांच्या हातात मिळून १७,००० पडत होते.

माझ्या पगारातून नियमाप्रमाणे कपात केली तरी, म्हणजे पीएफ १,४८८, ईएसआय ९३, व्यवसाय कर २००, हातात १०,६१९ यायला हवे होते. आणि तेही आठ तासांचे. वरचे चार तास कायद्याने दुप्पट दराने, म्हणजे रोज आणखी एका पूर्ण दिवसाचा पगार, ४७७ रुपये. हिशेब मांडल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे तो तिसरा माणूस तुम्ही दोघेच होतात." चार तास आबांचे, चार तास माझे. तिसरी पाळी आम्हीच करत होतो.

मग प्रमाणपत्र सापडले. माझा फोटो, माझे नाव, आणि १ ते २४ फेब्रुवारी २०२३ या काळात वीस दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या आदर्श नियमांत नव्या रक्षकाला १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान वीस कामाच्या दिवसांत असे प्रशिक्षण सांगितले आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ते कमी, ४० आणि १६ तास. माझ्या नावावर हे १६० तास पूर्ण दाखवले होते. पण त्याच फाइलमध्ये, सहा पाने अलीकडे, फेब्रुवारीचा हजेरीपट होता आणि त्यात मी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस रात्री गेटवर हजर होतो.

प्रत्येक देयकाखाली कार्यालयाचा शिक्का: 'सेवा समाधानकारक. देयक अदा करण्यास हरकत नाही.' एजन्सीचा राग आला होताच, पण या शिक्क्याने जास्त लागले. ती सही करणारी व्यक्ती रोज सकाळी माझ्यासमोरून आत जायची. मी सलाम करायचो. गेटवर किती माणसे उभी असतात हे मोजायला फाइल उघडावी लागत नाही.

९ ऑक्टोबरला जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज दिला, तीन प्रतींत. टायपिंग आणि झेरॉक्सला ३४० रुपये लागले. तिथल्या बाईंनी अर्ज वाचून पहिला प्रश्न विचारला, "एवढे दिवस का थांबलात?" किमान वेतन कायद्यात दाव्याची मुदत सहा महिन्यांची होती. उशिराचे सबळ कारण पटले तरच मागचे धरायचे. मी कागद हातात येईपर्यंत थांबलो आणि दोन वर्षांच्या थकबाकीतून माझ्याकडे एप्रिल ते सप्टेंबर एवढेच उरले. माझी सर्वांत महागात पडलेली चूक हीच. माहिती अधिकाराचा अर्ज आणि पगाराचा दावा एकाच आठवड्यात करा. तुमच्याकडे बँकेचे पासबुक आणि ड्युटीची वही असली तरी दावा दाखल होतो, बाकीचे कागद मागून जोडता येतात. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षे आहे. तरीही थांबू नका, हजेरीपट तीन वर्षे जागेवर राहत नाहीत.)

दावा एजन्सीवर केला आणि कार्यालयालाही मूळ मालक म्हणून सामील केले. कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होते की ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. मिळालेल्या करारातही तसे कलम होते. मला हे आधी ठाऊक नव्हते. मला वाटायचे आपला मालक एजन्सी, सरकारी ऑफिसचा आपल्याशी काय संबंध. आबांनाही तसेच वाटायचे, आणि मी ज्या ज्या गेटवरच्या रक्षकांशी बोललो त्या प्रत्येकाला तसेच वाटते.

त्याच आठवड्यात प्रमाणपत्राची तक्रार पोलीस अधीक्षक कार्यालयामार्फत एजन्सींच्या परवान्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे पाठवली. परवाना पाच वर्षांचा असतो, आणि किमान वेतन, पीएफ यांसारख्या कामगार कायद्यांचा भंग हेही तो रद्द होण्याचे एक कारण आहे. या तक्रारीवर पुढे माझा जबाब घेतला गेला.

दावा दाखल झाल्याचे पत्र एजन्सीला गेले आणि चौथ्या दिवशी मला फोन आला, "उद्यापासून मुक्ताईनगर." अमळनेरहून मुक्ताईनगरला रोज जाऊन बारा तासांची ड्युटी करणे शक्यच नव्हते. मी लेखी बदली आदेश मागितला. तो आला नाही आणि मला गेटवरही उभे राहू दिले नाही. एकोणीस दिवस घरी बसलो. त्या दिवसांत कापसाच्या वेचणीला मजुरीने गेलो. लोक विचारायचे, नोकरी सुटली का. आईच एकदा ओट्यावरून त्यांना म्हणाली, "पैसा आपला शेतस, मांगाले कसानी लाज?" (पैसा आपला आहे, मागायला कसली लाज?) तिला शाळा माहीत नाही. ते ऐकून मी त्याच दिवशी जळगावला गेलो आणि बदलीची तक्रारही दाव्याला जोडून आलो. सरकारी कामगार अधिकाऱ्यांनी फोन लावल्यावर मला पुन्हा त्याच गेटवर घेतले.

त्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबरच्या अखेरीस तपासणी केली. एजन्सीने वेतन नोंदवही आणली. तिच्यात माझ्या नावासमोर १०,६१९ रुपये आणि रेव्हेन्यू स्टॅम्पवर माझी सही. सही खरीच होती. कामावर लागलो तेव्हा सुपरवायझरने कोऱ्या पानांवर स्टॅम्प लावून सह्या घेतल्या होत्या, 'सगळेच करतात' म्हणून. मला बँकेच्या पासबुकाने वाचवले, कारण दर महिन्याची नोंद ८,५०० ची. पगार रोखीने घेत असतो तर माझ्या हातात काहीच नव्हते. कोऱ्या कागदावर सही करू नका. केली असेल तर आजच तारीख घालून कुणाला तरी लेखी कळवून ठेवा.

आबा बरेच दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हते. त्यांच्या मुलीचे लग्न ठरत होते, या वयात दुसरे काम कोण देणार ही धास्ती होती. मी त्यांना दोष देत नाही. डिसेंबरात एका सकाळी टॉर्च हातात घेताना ते म्हणाले, "भाऊ, मनी बी सही ली ले." त्यांचा दावा त्याच महिन्यात जोडला. दोघांचे जबाब जुळल्यावर तिसऱ्या नावाबद्दल एजन्सीला काही बोलता येईना.

जानेवारी ते मार्च २०२४ मध्ये तीन तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला रात्रीची ड्युटी करून तसाच जात होतो. माझा हिशेब फरकाचे १२,७१४ आणि जादा तासांचे ७४,४०० असा ८७,११४ रुपयांचा होता. एजन्सी २५ हजारांवर अडली होती. कार्यालयाने तिची शेवटची देयके रोखून धरली, तेव्हा ती ५५ हजारांवर आली. मी मान्य केले. नाना नाराज झाले, म्हणाले लढला असतास तर दंडासह मिळाले असते. असेल. पण घरात खताचे उधार होते आणि मला आणखी वर्षभर तारखांना जाण्याची ताकद नव्हती. तडजोड करायची तर अधिकाऱ्यासमोर लेखी करा, त्यात रक्कम कोणत्या महिन्यांची आणि कशाची ते लिहून घ्या आणि पीएफचा हक्क सोडल्याचे एक अक्षरही घालू देऊ नका. माझ्या मसुद्यात ते वाक्य होते. मी खोडायला लावले. पैसे २ एप्रिलला खात्यात आले. खतवाल्याचे देऊन झाल्यावर आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले.

पीएफचे प्रकरण वेगळे. मोबाइलवर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा क्रमांक, चालू केला तेव्हा दिसले की महिन्याला माझे फक्त ६०० रुपये जमा होत होते, म्हणजे ५,००० वेतन दाखवून. कित्येक महिने तर कोरेच. आधी ऑनलाइन तक्रार केली, तिचे उत्तर गोलमाल आले. मग कळले की दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफचे लोक 'निधी आपके निकट' म्हणून प्रत्येक जिल्ह्यात येऊन बसतात. २७ फेब्रुवारीला देयकाच्या प्रती घेऊन गेलो. ज्या देयकात सरकारने माझ्या नावाचा १,६१२ रुपये पीएफ दिला, तीच प्रत समोर ठेवली. प्रकरण नाशिकच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे गेले. आजवर नऊ महिन्यांचा फरक जमा झाला आहे, उरलेल्याचा पाठपुरावा चालू आहे.

नवे टेंडर लोकसभेच्या आचारसंहितेत अडकले. जळगावचे मतदान १३ मेला होते. नवी एजन्सी १ ऑगस्ट २०२४ ला आली. यावेळी करारात लिहिले आहे की पगार ७ तारखेच्या आत बँकेत, आणि पीएफच्या चलनासोबत नावानिशी यादी जोडल्याशिवाय देयक निघणार नाही. दर महिन्याला कार्यालयातले एक अधिकारी गेटवर येऊन हजेरीवहीत स्वतः सही करतात. आबांना आणि मला नव्या एजन्सीने कायम ठेवले.

सप्टेंबरमध्ये वीस दिवसांचे प्रशिक्षण झाले, पगारी. संशयित वस्तू दिसली तर हात न लावता काय करायचे, प्रथमोपचार, गर्दी कशी वळवायची, ओळखपत्र कसे तपासायचे. आपल्याला पोलिसांचे अधिकार नाहीत, गंभीर गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली कोणत्याही नागरिकाइतकेच आपण गुन्हेगाराला धरून पोलिसांच्या ताब्यात देऊ शकतो, हेही तिथेच समजले. बाराव्या दिवशी मैदानात कचऱ्याची आग केली आणि एकेकाच्या हातात सिलिंडर दिले. आबांनी गुडघ्यावर हात ठेवून वाकत पिन काढली आणि नळी आगीच्या बुडाशी धरली. सगळे टाळ्या वाजवत होते.

आता माझी पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. दहा वाजता तिसरा रक्षक येतो, पारोळ्याकडचा पोरगा आहे, बावीस वर्षांचा. पहिल्या दिवशी त्याचे प्रशिक्षण अजून व्हायचे होते. मी वहीत वेळ लिहिली, टॉर्च आणि किल्ल्या त्याच्या हवाली केल्या, आणि मग त्याला आत अभिलेख कक्षापाशी नेऊन लाल सिलिंडर भिंतीवरून खाली उतरवले. "ही पिन बघ," म्हटले, "आधी ही काढायची." त्याने तिला बोट लावून बघितले. मी सिलिंडर परत टांगले आणि दहाच्या पुढची गाडी पकडायला स्टेशनकडे निघालो.